संत्र्याला दुखत नाही

नाकाडे मॅडमनी वर्गात आम्हाला उभं केलं,
हात आपापल्या अंगावर ठेवायला लावले :
कपाळामागे पीयूषिका, वाटाण्याएवढी, सगळ्यांची मुकादम;
गळ्याशी अवटू, आवंढ्यासोबत वरखाली होणारी;
मूत्रपिंडांवर टोप्यांसारख्या बसलेल्या दोघी.
"नळी नाही यांना. जे द्यायचं ते थेट रक्तात."
स्वादुपिंडाला माझा हात चुकला,
बेंबीवर गेला. ते तर जठराच्या मागे,
भिंतीकडे तोंड करून झोपलेलं.
एकोणचाळीस मुली हसल्या.

फेब्रुवारीत सराव संत्र्यांवर.
सलाईन टोचून टोचून फळं जड व्हायची.
संध्याकाळी होस्टेलवर कुणीतरी एक सोललंच,
किंचित खारट निघालं,
तरी आम्ही फोडी वाटून घेतल्या.

मग मेडिकलच्या मुलांच्या वॉर्डात भाविका आली.
वय नऊ, वजन अठरा,
श्वास खोल, लांब, त्याला पिकून गेलेल्या फळाचा वास.
पुस्तकातलं वाक्य पहिल्यांदा नाकात शिरलं.
ग्लुकोमीटरने आकडा दिलाच नाही,
नुसतं 'हाय' दाखवलं,
जशी काही ओळख करून घेत होता.

चौथ्या दिवशी ती उठून बसली, बिस्किट मागितलं.
आई विचारत राहिली, "असं काय खाऊ घातलं मी इले?"
तुमचं काही चुकलं नाही, मी रोज सांगायची.
त्याचाही असर चार-सहा तासच टिकायचा.

बाप खुशाल ठवकर, कळमन्याच्या बाजारात हमाल.
मी सुरू केलं : इन्सुलिन म्हणजे किल्ली, पेशी म्हणजे कुलूप…
त्यांनी हात वर करून थांबवलं.
"साखर रक्तात हाये नं?"
आहे.
"आन् पोरगी उपाशी?"
हो.
"म्हंजे गाड्या यार्डात उभ्या हायेत, हमालच नाई आले.
माल तिथंच सडून राह्यला, आन् गावात चूल नाई पेटत."

मी वहीतली किल्ली खोडली.

"आमचा संप दोन-चार दिवसात मिटते, सिस्टर. इचा?"
नाकाडे मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या,
म्हणजे उत्तर मी द्यायचं होतं.
नाही मिटणार, भाऊ. रोज बाहेरून माणूस आणायचा.
दिवसातून चारदा.
"किती दिवस?"
मी सांगितलं.

ते उठून व्हरांड्यात गेले. नळाला पाणी नव्हतं,
तरी नळ सोडून उभे राहिले.
परत आले तेव्हा मी घरचं विचारलं. फ्रीज नाही.
मग माठ : तळाशी रेती, वरून ओलं फडकं,
कुपी डब्यात, डबा माठात.
नागपूरचा मे महिना माठाला ठाऊक असतो.

संत्रं त्यांनीच आणलेलं, हातात तोलून निवडलेलं.
लाल टोपणाची सिरिंज, चाळीसची.
हवा काढा. टोचा. दहा मोजा. चोळू नका.
क्विंटलचं पोतं पाठीवर घेणारा माणूस
केसाएवढ्या सुईपुढे थरथरत होता,
आणि मूत्रपिंडांवरच्या त्या दोघी
माझ्यातही कामाला लागल्या होत्या;
तळहात ओले, तोंड कोरडं, सगळं धड्यातल्यासारखं.

सोळा वेळा संत्र्यात.
सतराव्यांदा भाविकानेच फ्रॉक वर केला :
"बाबा, संत्र्याले दुखत नाई.
मले दुखते. हळू."

सुई आत गेली.
ते बाजारातल्यासारखं मोजू लागले,
जिथे पहिल्या पोत्याला एक म्हणत नाहीत :
लाभ, दोन, तीन, चार…
दहाला मी त्यांचा हात धरून सुई बाहेर काढली.
भाविका बिस्किटाच्या पुड्याकडे बघत होती.
त्यांचं मोजणं थांबलं नव्हतं.
अकरा, बारा,